चकती गेली, बटणं आली; पण फोनमध्ये नेमकं बदललं काय?

जुनीखोड

चकतीच्या फोनवर कुणी लिहायला घेतलं की दोन-चार ओळींत 'गेले ते दिवस' सुरू होतं. काळा, जडशीळ, डोक्यात घातला तर टाके पडतील असा फोन वगैरे. सगळं मान्य, पण मला वेगळंच बोलायचं आहे. चकती जाऊन बटणं आली तेव्हा वरवर एवढंच झालं, की फिरवायचं ते दाबायचं झालं. खरा बदल तारेत झाला, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

चकतीचा फोन नंबर कसा पाठवतो ते आधी बघू. रिसीव्हर उचलला की फोन आणि एक्स्चेंज (गावातले फोन एकमेकांना जोडून देणारं केंद्र) यांच्यातलं मंडल पूर्ण होतं आणि प्रवाह सुरू होतो. सातच्या भोकात बोट घालून चकती फिरवली तरी अजून काही घडलेलं नसतं, आपण फक्त आतली स्प्रिंग ताणत असतो. बोट काढल्यावर चकती परत फिरते, आणि त्या परतीच्या वाटेवर तो प्रवाह सात वेळा क्षणभर तुटतो. वेग सेकंदाला साधारण दहा तुटी. एक्स्चेंज फक्त त्या मोजतं. शून्य तुटी पाठवणं म्हणजे काहीच न पाठवणं, म्हणून शून्याला दहा तुटी दिल्या. त्यामुळे चकतीवर ते नऊच्या पुढे गेलं, आणि आजही मोबाइलच्या पडद्यावर ते नऊच्या खालच्या रांगेत बसलंय ते त्याच हिशोबाने.

टोनचा, म्हणजे सुरांवर चालणारा बटणांचा फोन काही तोडत नाही, तो आवाज काढतो. प्रत्येक बटणाला दोन सूर, एक आडव्या रांगेचा आणि एक उभ्या रांगेचा. पाच दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ एकदम वाजतात. आता यातली मेख बघा. प्रवाहाच्या तुटी आपल्या एक्स्चेंजपाशी मोजल्या जातात आणि तिथेच संपतात. आवाज मात्र आपल्या बोलण्याच्याच वाटेने पलीकडच्या टोकापर्यंत जातो. फोन लागल्यानंतरही जातो. म्हणजे बटणं आल्यावर फोन पहिल्यांदाच पलीकडच्या यंत्राशी बोलायला लागला. 'अमुक भाषेसाठी एक दाबा, तमुक चौकशीसाठी दोन दाबा' हा सगळा संसार त्यावर उभा आहे.

दोन प्रश्न आहेत. बटणांची मांडणी अशीच का ठरली? आणि १९६३ मध्ये बाजारात आलेली गोष्ट घरोघरी पोचायला इतकी वर्षं का लागली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिले_रेस

धागा आवडला. आयुष्य एक्स्चेंजच्या रॅकांमध्ये गेलं, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे.

जुन्या स्टेप-बाय-स्टेप एक्स्चेंजमध्ये सिलेक्टर असायचे. मधे उभी दांडी, तिला संपर्काचे हात आणि समोर कमानीत मांडलेले संपर्कबिंदू, दहा मजले आणि दर मजल्यावर दहा. तुम्ही घरी चार फिरवलेत की इकडे दांडी खाड् खाड् खाड् खाड् करत चार मजले चढायची. तुम्ही पुढच्या आकड्यासाठी चकती ताणत असताना ती त्या मजल्यावर आडवी सरकून पुढची रिकामी वाट शोधायची. सापडली की तुमचा पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरच्या हवाली. अगदी शेवटच्या सिलेक्टरचं काम थोडं वेगळं: शेवटून दुसऱ्या आकड्याने वर चढायचं आणि शेवटच्या आकड्याने आडवं जायचं, की झाला तुमचा माणूस हजर. गर्दीच्या वेळी हॉलमध्ये उभं राहिलं की शेजारी काय बोलतोय ते ऐकू येत नसे.

लक्षात घ्या, मधे कुठेही नंबर 'लिहून' ठेवलेला नाही. तुमचं बोट थेट आमचं लोखंड हलवत होतं. आता त्या दांडीला तुम्ही ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ ऐकवा. ती ढिम्म हलणार नाही. सूर ओळखणारं एक यंत्र हवं, आकडा साठवणारं एक हवं आणि त्याच्या पुन्हा तुटी करून सिलेक्टरला पाजणारं तिसरं हवं. क्रॉसबार एक्स्चेंज आल्यावर सोपं झालं, कारण तिथे नंबर आधी रजिस्टरमध्ये उतरवून घेतला जायचा; रजिस्टरच्या तोंडाशी सूर ओळखणारं यंत्र बसवलं की काम झालं. पण जिथे स्टेप-बाय-स्टेप ठणठणीत चालू होतं तिथे ते उखडून फेकायला कोण तयार होईल? हे लोखंड चाळीस-चाळीस वर्षं चालायचं. फोन बदलायला पाच मिनिटं पुरतात, एक्स्चेंज बदलायला पिढी जाते.

शंकासुर

रिले काका, मग एक सांगा. आमच्याकडे बटणांचा फोन होता, तरी नंबर झरझर दाबून झाल्यावर कानात कट-कट-कट-कट सुरू व्हायचं आणि ते संपेपर्यंत ताटकळत बसायचं. तो काय प्रकार?

रिले_रेस

तो बटणांचा मुखवटा घातलेला चकतीचा फोन. एक्स्चेंजला सूर कळत नव्हते, पण लोकांना बटणं हवी होती. मग फोनमध्ये एक चिप घातली. ती तुम्ही दाबलेले आकडे लक्षात ठेवायची आणि सावकाश, सेकंदाला दहाच्या चालीने तुटी पाठवत बसायची. असे फोन बऱ्याच देशांत पुष्कळ वर्षं खपले. पुढे दोन्ही येणारे फोन निघाले. कडेला किंवा पोटाखाली एक बारीक खटका असायचा, 'टी' आणि 'पी' लिहिलेला. टोन आणि पल्स. निम्म्या तक्रारी त्या खटक्याच्या असायच्या. फोन पुसताना तो सरकायचा आणि घरचे म्हणायचे, लाइन बिघडली.

पाचवरचाठिपका

मांडणीबद्दल मी लिहिते. मानवी घटकांचा अभ्यास, म्हणजे यंत्र माणसाच्या हाताला आणि डोळ्याला कसं पडतं याचा अभ्यास, हा माझा विषय. त्यात हे उदाहरण पहिल्या काही तासांतच शिकवतात.

बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या विभागात बटणांवर प्रयोग झाले आणि आर. एल. डाइनिंजर यांनी १९६० मध्ये त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पाच-पाचच्या दोन रांगा, चकतीसारखं वर्तुळ, बेरजेच्या यंत्रासारखी सात-आठ-नऊ वर असलेली मांडणी, अशा बऱ्याच रचना लोकांच्या हाती देऊन वेळ मोजला, चुका मोजल्या, शेवटी काय आवडलं तेही विचारलं. गंमत म्हणजे वेगात फार मोठा फरक निघाला नाही. माणूस बहुतेक मांडण्यांशी जुळवून घेतो. शेवटी तीन-तीनच्या तीन रांगा, एक-दोन-तीन वर आणि खाली मधोमध शून्य, ही मांडणी टिकली. नुसती मांडणीच नाही, तर बटण किती खोल जावं, किती जोर लागावा, दाबल्यावर बोटाला 'टक्' जाणवावं का, हेही तपासलं होतं.

मला स्वतःला कार्लिन यांचा चकतीवरचा किस्सा जास्त आवडतो. अमेरिकेत १९५० च्या आसपास '५००' नावाचं नवं मॉडेल आलं. जुन्या फोनवर आकडे भोकांच्या आत दिसायचे, त्यामुळे फिरवताना बोटाखाली झाकले जायचे आणि घासलेही जायचे. नव्या मॉडेलमध्ये ते भोकांच्या बाहेर, कडेने छापले. आता सगळे आकडे कायम दिसणार, मग नंबर लवकर फिरवला जाईल, हा साधा तर्क. झालं उलटं, लोक मंदावले. कारण बोटाला नेम धरायला भोकात काही उरलंच नव्हतं. उपाय काय केला? प्रत्येक भोकाच्या मधोमध एक पांढरा ठिपका. वेग पुन्हा जागेवर. त्या मॉडेलचा फोटो मिळाला तर नीट बघा, ते ठिपके दिसतील.

उलटाकॅल्क

कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ वर आणि फोनवर एक-दोन-तीन वर, याचं मी ऐकलेलं कारण वेगळं आहे. बेरजेच्या यंत्रावर बसणाऱ्या कारकुनांचे हात इतके सराईत होते, की तीच मांडणी ठेवली असती तर एक्स्चेंजला तो वेग झेपला नसता. म्हणून मुद्दाम उलटी केली.

पाचवरचाठिपका

हे मीही ऐकलंय, पण ते प्रयोगांशी जुळत नाही. सगळा खटाटोप नंबर लवकर लागावा म्हणूनच तर चालला होता. आणि सूर ओळखायला एक्स्चेंजला फार वेळ लागत नाही, साधारण ५० मिलिसेकंदांचा सूर आणि तेवढीच शांतता पुरते. म्हणजे सेकंदाला दहा आकडे. कुठल्या कारकुनाचं बोट तेवढं चालतं? टेलिफोन वापरणारे बहुतांश लोक आकडेमोडीच्या यंत्राला कधी हातही न लावणारे, त्यांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचायची सवय. त्या सवयीला एक-दोन-तीन वर असणं धरून आहे.

रिले_रेस

+१. चकतीचा हिशोबही घ्या. एक ते शून्य, सरासरी आकडा साडेपाच तुटींचा. दहा आकडी नंबर म्हणजे ५५ तुटी, म्हणजे साडेपाच सेकंद नुसत्या तुटींचे. चकती ताणायचा वेळ वेगळा. तेवढा वेळ एक्स्चेंजचा एक सामायिक भाग तुमच्यासाठी अडकून पडायचा. नंबर लवकर संपला तर तोच भाग दुसऱ्याला मिळणार. तुम्हाला सावकाश करण्यात आमचं नुकसानच होतं.

गोलगोल

या 'तुटींच्या किमती'चं आणखी एक गमतीदार उदाहरण. अमेरिकेत १९४७ मध्ये एरिया कोड ठरले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला, म्हणजे फक्त पाच तुटी. शिकागोला ३१२, लॉस एंजेलिसला २१३, दोन्ही सहा-सहाच. पुढे अलास्काला ९०७ गेला, त्याच्या तुटी २६! जिथे फोन जास्त तिथे बोटाला कष्ट कमी. आज न्यूयॉर्कमध्ये २१२ चा नंबर मिळणं मानाचं समजतात, पण मुळात तो चकतीचा हिशोब आहे.

तुटींची भाषा सगळीकडे एक होती असंही नाही. स्वीडनच्या चकतीवर शून्याला एक तूट, एकाला दोन, असं करत नवाला दहा. न्यूझीलंडमध्ये तर क्रमच उलटा: एकाला नऊ, दोनाला आठ, नवाला एक. म्हणून ब्रिटनचा आणीबाणीचा नंबर ९९९ आणि न्यूझीलंडचा १११. तारेत मोजाल तर दोन्हीकडे नऊ-नऊ-नऊ तुटीच! टोन आल्यावर हा घोळ मिटला. पाचाचे सूर सगळ्या जगात तेच.

शंकासुर

ब्रिटनने तरी ९९९ का घेतला? घाईच्या वेळी सगळ्यात लांबचे आकडे?

रिले_रेस

१११ घेतला असता तर दोन उघड्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागल्या तरी अग्निशमन दलाला फोन गेला असता. एक तूट म्हणजे तारेतला एक झटका, तो कशानेही होतो. नऊ तुटी सलग, ठरलेल्या चालीने, त्याही तीनदा, असं आपोआप होत नाही. शिवाय अंधारात किंवा धुरात चाचपून सापडण्यासारखी ती जागा आहे, शेवटून दुसरं भोक. ९९९ लंडनमध्ये १९३७ मध्ये सुरू झाला. अमेरिकेत ९११ ची सुरुवात १९६८ ची, तोवर बटणं आलेली होती. तरी नऊनंतर दोनदा एक, हे चकतीवरही पटकन होतं.

चकतीवाली

सगळे प्रतिसाद वाचले, माहितीपूर्ण आहेत. पण धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा मला पटलेला नाही.

'खरा बदल तारेत झाला, बोटाखाली नाही' म्हणे. घरात फोन वापरणाऱ्याला तारेचं काय घेणंदेणं? चकतीवर सातवा आकडा चुकला की पहिल्यापासून सुरुवात. लाइन एंगेज आली की पुन्हा पहिल्यापासून सगळा नंबर. म्हणून नंबर पाठ होते. ते कुणी ठरवून केलेलं पाठांतर नव्हतं, तीच तीच रटाळ मेहनत होती. बटणांच्या फोनवर रीडायलचं बटण आलं आणि ती मेहनत गेली. मग मेमरीची बटणं आली, एका बटणात अख्खा नंबर. आता लक्षात घ्या, रीडायलला टोन लागत नाही. रिले काकांनी सांगितलेल्या त्या मुखवट्याच्या फोनवरही रीडायल होतंच. म्हणजे घराच्या दृष्टीने बदल केला तो आकडे साठवणाऱ्या चिपने. तुमच्या दोन सुरांनी नव्हे.

दुसरं, चकतीच्या कारागिरीला तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत. मी एक चकती उघडून बसले होते, म्हणून लिहिते. मागच्या बाजूला पितळेची छोटीशी वाटी आणि तिच्यात फिरणारी दोन वजनं. हा गव्हर्नर. चकती जोरात सुटू लागली की वजनं बाहेर फेकली जातात, वाटीला घासतात आणि वेग पुन्हा आवरला जातो. बोट सोडल्यावर तो जो एकसारखा घर्रर्र आवाज येतो, तो याचाच. लहान मूल फिरवो की पैलवान, परतीचा वेग तोच. शेजारी संपर्काच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या: एक तुटी करणारी, आणि दुसरी चकती फिरत असेतो कानातला आवाज दाबून ठेवणारी, म्हणजे तुटींचे फटाके कानात वाजू नयेत. ना बॅटरी, ना ट्रान्झिस्टर. एवढं सगळं एका तळहाताएवढ्या जागेत!

तरंगलहरी

चकतीवाली, गव्हर्नरला दंडवत. पण बटणांच्या पहिल्या पिढीतही कारागिरी होतीच. सुरुवातीच्या टच-टोन (सुरांच्या बटणांच्या) पॅडमध्ये एकच ट्रान्झिस्टर होता, आणि दोन कॉइलच्या जोरावर तो एकटा दोन्ही सूर एकदम काढायचा. बटण दाबलं की कॉइलचा ठरावीक टप्पा जोडला जायचा आणि त्याच वेळी माइक बंद व्हायचा, म्हणजे खोलीतला गोंगाट सुरांत मिसळणार नाही. एकाच रांगेतली दोन बटणं एकत्र दाबली तर दुसरा सूर नाहीसा होऊन फक्त रांगेचा सूर उरायचा. एक आणि दोन एकदम दाबा, नुसता ६९७. यावर गाणी वाजवायचा उद्योग बऱ्याच पोरांनी केला असणार.

सूर कसे निवडले तेही भारी आहे. आडवे ६९७, ७७०, ८५२, ९४१. उभे १२०९, १३३६, १४७७, आणि चौथा १६३३. यातला कुठलाही दुसऱ्याच्या पटीत नाही, आणि दोघांची बेरीज-वजाबाकी केली तरी तिसरा येत नाही. कारण तारेतून माणसाचा आवाजही जातोय. कुणी खोकलं, शीळ घातली, बाळ रडलं, तरी एक्स्चेंजला ते 'आठ' वाटता कामा नये. दोन गटांतला एकेक सूर नेमका एकाच वेळी, हे घशातून सहसा निघत नाही.

अवांतर: तो १६३३ चा चौथा रकाना घरच्या फोनवर कधी आलाच नाही. अमेरिकी लष्कराच्या ऑटोव्हॉन नेटवर्कच्या फोनांवर तो होता. ती चार बटणं कॉलची तातडी ठरवायची, म्हणजे वरच्या तातडीचा कॉल आला की खालचा कापला जायचा. घरच्या फोनवर १९६३ मध्ये दहाच बटणं होती. तारा (*) आणि चौकट (#) ही बटणं १९६८ च्या मॉडेलात आली.

भोंपू

म्हणजे शीळ घालून फुकट ट्रंक कॉल करणारे ते ब्लू बॉक्सवाले याच सुरांनी करायचे ना?

तरंगलहरी

नाही. लोक नेहमी गल्लत करतात. त्यांचा २६०० हर्ट्‌झचा सूर हा दोन एक्स्चेंजेसमधल्या ट्रंक लाइनला 'मी रिकामी आहे' असं सांगणारा होता. आणि एक्स्चेंज आपसांत आकडे पाठवायला वापरायचे ते सूर घरच्या बटणांपेक्षा वेगळे, त्यांच्या जोड्याही वेगळ्या. ब्लू बॉक्स, म्हणजे त्यांचं सूर काढणारं खोकं, त्या भाषेत बोलायचा. घरच्या फोनची बटणं दाबून ते जमलं नसतं.

पण धागाकर्त्यांच्या मुद्द्याला याने बळच मिळतं. हुकूम आणि गप्पा एकाच वाटेने गेले की गप्पा मारणाराही हुकूम देऊ शकतो. म्हणून पुढे एक्स्चेंजेसमधले हुकूम वेगळ्या वाटेने न्यावे लागले.

जुनीखोड

चकतीवाली, रीडायलचा मुद्दा बिनतोड आहे, घरापुरता. मी घराबाहेरचं बघत होतो. चकतीवाल्याने एखाद्या ठिकाणी फोन लावला आणि तिकडून यंत्र म्हणालं 'एक दाबा', तर तो काय करणार? एक फिरवला तर तूट होणार, पण तिकडच्या यंत्रापर्यंत पोचेल ती फार तर एखादी 'टक्'. म्हणूनच तर त्या निवेदनांच्या शेवटी 'नाहीतर लाइनवर थांबा' अशी पळवाट ठेवावी लागली. खिशात मावणारे टोन डायलरही निघाले होते, ते रिसीव्हरच्या तोंडाशी धरून बटणं दाबायची. चकती टिकवण्याची शेवटची धडपड म्हणा.

मागचीखोली

रोमात होते (नुसती वाचत होते), आता राहवत नाही. तारेतल्या बदलाने घरातलंही काही बदललं, ते कुणी लिहिलं नाही.

एकाच लाइनवर दोन फोन असले आणि पुढच्या खोलीत कुणी चकती फिरवली, की मागच्या खोलीतल्या फोनची घंटी बारीक टिंग-टिंग करायची. प्रवाह तुटायचा त्याचा झटका तिकडच्या घंटीच्या कॉइललाही बसायचा. त्यामुळे घरात कोण केव्हा फोन लावतंय हे सगळ्यांना कळायचं. लांबलचक टिंग-टिंग-टिंग आली की ओळखायचं, बाहेरगावचा नंबर आहे. टोनच्या फोनने ही हेरगिरी बंद पाडली. कॉलेजच्या वयात त्याचं महत्त्व काय होतं ते मी सांगायला नको.

आणि कुलूप! एकच्या भोकात छोटं कुलूप अडकवलं की चकती एकच्या पुढे फिरतच नसे. घरातली वडीलधारी निर्धास्त. मग आम्ही रिसीव्हर ठेवायच्या जागेची ती खुंटी बोटाने टकटक दाबायचो. सहासाठी सहा वेळा, थोडं थांबायचं, मग पुढचा आकडा. लागायचा फोन! शून्याला दहा टकटक करताना हमखास ताल चुकायचा.

रिले_रेस

हाहा. लागणारच. खुंटी दाबली की प्रवाह तुटतो, चकतीही तेच करते. एक्स्चेंजला तुमचं बोट आणि चकती यांतला फरक कळायचं कारणच नाही. फक्त चाल सांभाळायची आणि दोन आकड्यांत पुरेसं थांबायचं.

गोलगोल

एक भर. 'आधी चकती, मग बटणं' हा क्रमही पूर्ण खरा नाही. स्वयंचलित एक्स्चेंजचा शोध लावणारे आल्मन स्ट्रॉजर हे व्यवसायाने अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे. ऑपरेटर बाई गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते म्हणून चिडून त्यांनी शोध लावला, असं सांगतात. पेटंट १८९१ चं, आणि पहिलं एक्स्चेंज १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी. त्या फोनांवर चकती नव्हती, दाबायच्या कळा होत्या! शतकाची एक, दशकाची एक, एककाची एक. जो आकडा तितक्या वेळा ती कळ दाबायची. म्हणजे मागचीखोली यांची टकटक, पण अधिकृत. माणसं मोजण्यात चुकायची, तारा जास्त लागायच्या. मोजण्याचं काम माणसाच्या बोटाकडून काढून घ्यायला १८९६ च्या सुमारास चकती आली. तिलाही आधी भोकं नव्हती, बोट अडकवायला कंगोरे होते.

चकतीवाली

हे माहीत नव्हतं. म्हणजे चकती हीच 'नवी सोय' होती एकेकाळी, आणि तेव्हाही कुणीतरी कळांच्या बाजूने भांडलं असेल!

तरंगलहरी

आता ज्याला आपण बटणं म्हणतो तीही कुठे उरलीत? मोबाइलवर नंबर लावताना जे सूर ऐकू येतात ते फक्त आपल्या कानासाठी असतात. नंबर आकड्यांच्या रूपात संदेश म्हणून जातो. फोन लागल्यावर 'दोन दाबा'ला आपण दोन दाबतो तेव्हाही साध्या जीएसएम कॉलमध्ये हँडसेट सूर पाठवत नाही. 'दोन दाबलं' एवढा निरोप जातो आणि पुढचं नेटवर्क आपल्या वतीने ते दोन सूर वाजवतं. आवाज दाबून-चेपून पाठवायचा तर सूर विद्रूप होतात आणि समोरच्या यंत्राला कळत नाहीत. इंटरनेटवरच्या फोनमध्येही याच कारणाने आकडे आवाजापासून वेगळे काढून पाठवायची सोय आहे. पण पलीकडचं यंत्र अजून ६९७ आणि १३३६ चीच वाट बघत बसलेलं असतं.

(इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एमटी ८८७० ही सूर ओळखणारी आयसी वापरून फोनवरून चालणारी गाडी केली असेलच. त्याच्या शेजारी ३.५८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लागायचा, तो मुळात रंगीत टीव्हीसाठी ढिगाने बनायचा म्हणून सहज मिळायचा.)

नवखा_पण_हौशी

सुंदर धागा. माझा व्यावहारिक प्रश्न. घरी चकतीचा जुना फोन आहे, तो फायबरच्या खोक्याला मागे जो फोनचा पोर्ट असतो तिथे लावला. डायल टोन येतो, आलेला फोन घेता येतो, पण बाहेर फोन लागत नाही. फोन बिघडलाय का?

रिले_रेस

बहुधा नाही. रिसीव्हर उचला, पाच किंवा सहा फिरवा आणि ऐका. चकती परत येऊन थांबल्यावर डायल टोन बंद झाला तर खोक्याला तुटी कळतात, दोष दुसरीकडे. टोन तसाच वाजत राहिला तर खोकं तुटींकडे लक्षच देत नाहीये. एक फिरवून तपासू नका, एकच तूट काही खोकी फ्लॅश (खुंटी क्षणभर दाबल्याचा इशारा) समजतात.

नवखा_पण_हौशी

सहा फिरवला. टोन वाजतोच आहे.

रिले_रेस

मग पल्सचं टोन करणारा कन्व्हर्टर मधे लावावा लागेल. छोटी डबी असते. काही लाइनवरच चालतात, काहींना वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, ते घेण्याआधी बघा. घंटी वाजते का? जुन्या घंटीला जोर जास्त लागतो, सगळ्या खोक्यांना तो झेपत नाही.

नवखा_पण_हौशी

घंटी वाजते, पण दबकी. आणि चकती परतताना मधेच रेंगाळते. तेल घालू का?

चकतीवाली

थांबा! गव्हर्नरच्या वाटीत तेल गेलं तर घर्षणच जाईल आणि चकती सुसाट सुटेल, मग कन्व्हर्टरलाही काही कळणार नाही. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग शून्य फिरवून सोडा आणि घड्याळ लावा. दहा तुटींना एक सेकंद, त्यामुळे परतायला सेकंदाहून किंचित जास्त लागायला हवा. दीड-दोन सेकंद लागत असतील तर इथे मागच्या बाजूचा फोटो टाका, कुठे अडकतंय ते बघून सांगते.